बाबांच्या पायावर तीस बाय चाळीस

३० एप्रिल १९८९, रविवार. सकाळ.

आज एका बावन्न वर्षांच्या, वेळेवर कर भरणाऱ्या, सरकारी नोकरीतल्या माणसाला स्वतःच्या गाडीत मागच्या झडपेतून, पोटावर सरपटत शिरावं लागलं. चारही दारं गोठून बंद. काचेवरचा बर्फ खरवडायला काही सापडेना म्हणून बायकोचं, म्हणजे सायमीचं, उलथनं घेतलं. उलथनं वाकलं. असले अन्याय इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांकडे गॅरेजं असतात.

निर्णय: घराला जोडून गॅरेज बांधायचं. नुसतं गॅरेज नव्हे, मागच्या भागात वर्कशॉप. तीस फूट बाय चाळीस. गाडी, पिकअप, बोट, बर्फावर चालणाऱ्या दोन स्नोमोबिल, आणि उरलेल्या जागेत मी. सप्टेंबरात काम पूर्ण. हिवाळ्यात गावाच्या स्नोमोबिल दुरुस्त करणार. पाटी डोक्यात तयार आहे.

जागा एकच, घराच्या उत्तरेला. तिथं बाबांची सौना आहे, वाफेनं न्हायची खोली. ती पाडावी लागेल. किरकोळ बाब.

३० एप्रिल, दुपार.

सायमीला सांगितलं. किरकोळ बाब नाही.

बायको म्हणून तिचं म्हणणं असं: "गॅरेज बांध, नाहीतर विमानतळ बांध. सौनाला हात लावलास तर मी ग्रीन बे गावी बहिणीकडे जाईन, आणि पोचल्याचं पत्रसुद्धा पाठवणार नाही." तिचे गुडघे शनिवारच्या वाफेवर आठवडाभर चालतात, हे खरं. पण गुडघे आणि प्रगती यांत माणसानं नेहमी प्रगतीच निवडली आहे. हे तिला बोललो नाही. योग्य वेळी बोलेन.

७ मे, रविवार.

सौनाची पाहणी. अगदी तटस्थपणे. ओंडक्यांची खोली, दहा बाय बारा. आत चूल, चुलीवर दगड, तीन पायऱ्यांचं बाकडं. दगडांवर पाणी मारायचं, वाफेत बसायचं. बाबांनी चौतीस साली एकट्यानं, कुऱ्हाडीनं घडवली. मी जन्मलो तो इथंच. आमच्या लोकांत तेव्हा बाळंतपणं सौनातच व्हायची, कारण गरम पाणी आणि लागणारं दार एवढंच हवं असायचं. पंचावन्न वर्षांत एक ओंडका हललेला नाही. हे मला लहानपणापासून खटकत आलं आहे.

दाराच्या चौकटीत पहार घातली. आत कोणीतरी खाकरलं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. बाबांनी माझ्या कामाला तोंडानं कधी नावं ठेवली नाहीत. मागे येऊन उभे राहायचे आणि एकदाच खाकरायचे. मी सातव्या वर्षी पक्ष्यांसाठी केलेली पेटी, माझी पहिली मोटारसायकल, माझी नोकरी. प्रत्येकाला एकेक.

चिमणीत वारा शिरला की तसा आवाज येतो. आज वारा नव्हता. म्हणजे डोमकावळा असणार. पहार काढून घेतली. पाऊस येईलसं वाटतं.

(आला नाही.)

२१ मे.

सौनाच्या वळचणीला पाकोळ्यांनी घरटं केलंय. पिल्लं उडेपर्यंत पाडणं माणुसकीला धरून नाही. तोवर खणायला घेतो.

शेजारच्या वाल्फ्रिडला घरटं दाखवलं. हा बहात्तर वर्षांचा, खाणीत आयुष्य गेलेला, बाबांचा एकुलता एक मित्र. कुंपणाला टेकून उभं राहणं हा त्याचा पूर्णवेळ व्यवसाय. म्हणाला, "ते मागच्या सालचं घरटं आहे, तौनो. रिकामं आहे." म्हाताऱ्या माणसांना निसर्गाची कदर नसते.

४ जून.

आमच्याकडे पाया चार फूट खाली न्यावा लागतो, नाहीतर हिवाळ्यात जमीन फुगते आणि भिंत उचलून टाकते. अडीच फुटांवर फावडं दगडाला लागलं. एक दगड नाही, रांगच. घडवलेले, चुन्यात बसवलेले, सुतासारखे सरळ. सौनाच्या अलीकडे आठ फुटांवर रांग काटकोनात वळून घराकडे येते. कोणीतरी इथं पूर्वीच पाया घातलेला आहे.

मी म्हटलं, खाण कंपनीचं काहीतरी असेल. वाल्फ्रिड कुंपणावरून म्हणाला, "कंपनी कसली? नेस्तोरचं आहे ते. तुझा बाप एक्कावन्न साली गॅरेज बांधत होता. उन्हाळाभर पाया घातला. हिवाळा येऊन गेला, आणि वसंतात सगळ्यावर माती लोटली."

का?

"त्याला ‘का?’ म्हणून विचारायची सोय होती का?"

मी त्या साली चौदा वर्षांचा. मला फक्त एवढं आठवतं की पुढच्या वसंतात बाबा महिनाभर कोणाशी बोलले नाहीत. त्यात वेगळं असं काही नव्हतं.

बराच वेळ खड्ड्यात उभा होतो. म्हणजे बाबांनी एक काम अर्धवट टाकलं होतं! मला माहीत असलेलं पहिलं. वाईट वाटायला हवं होतं. शिटी वाजवत जेवायला गेलो.

५ जून.

नवा नकाशा. बाबांच्याच पायावर बांधणार. दगड तयार, रेषा तयार, खणणं निम्मं वाचलं. सौनाही वाचते, अर्थात हा निव्वळ योगायोग. निर्णय पूर्णपणे काटकसरीचा आहे. तीस फुटांचे सव्वीस झाले, पण बोलताना तीसच म्हणायचं.

सायमीला सांगितलं, तुझ्यासाठी सौना ठेवली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पास्टीचा, आमच्या मांस-सलगमाच्या करंजीचा, दुसरा तुकडा वाढला. मांसाचा भाग माझ्याकडे, सलगम तिच्याकडे. लग्नानंतर असं तीनदाच झालंय.

वाल्फ्रिडला म्हटलं, जे बापाला जमलं नाही ते मुलगा पुरं करतोय. तो म्हणाला, "नेस्तोरला जमलं नाही, असं मी म्हणालो नव्हतो."

४ जुलै, मंगळवार. सुट्टी.

शनिवारी ओतलेली काँक्रीटची लादी आज टणक झाली. गाडीखालचं वितळलेलं पाणी जायला मध्ये मोरी ठेवली आहे. बाबांची पाणसळ घेऊन तपासलं. पाणसळ बिघडली आहे. बुडबुडा मध्ये येतच नाही. बादलीभर पाणी ओतून खात्री केली. पाणी चारही कडांकडे पळालं. मोरी कोरडी. ती लादीचा सर्वांत उंच भाग आहे.

मागे कोणीतरी खाकरलं. वळलो नाही. लादीवर ओल्या पायाचे ठसे नव्हते, हे मात्र बघितलं.

५ जुलै.

पाणसळ सौनातल्या बाकड्यावर ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध, मेल्यासारखा निश्चल. तीन जागी ठेवली. तिथं बिघडत नाही.

२३ जुलै.

छपराचा प्रश्न. मी जवळपास सपाट छप्पर योजलं होतं. सोपं, स्वस्त, शिडीवरून पडलं तरी फार लागत नाही. कागदावर रेघ मारली आणि खाकरणं ऐकू आलं, स्वयंपाकघरात, भर दुपारी, कॉफी पिताना. सायमीला विचारलं, तू खाकरलीस का? ती म्हणाली, "मी तुझ्या समोर बसलेय, तौनो."

बाबा म्हणायचे (बाबा बोलायचे तेव्हा), सपाट छप्पर आळशी माणसाचं. ठीक आहे. उंच एकपाखी छप्पर करतो. घराच्या भिंतीला वर टेकलेलं, उत्तरेकडे एकाच उताराचं, वर गुळगुळीत पत्रा. बर्फ थांबणारच नाही, घसरून जाईल. घ्या बाबा.

लगेच शांतता. शेवटी पटलं तर त्यांना.

३० जुलै.

वाल्फ्रिडनं नकाशा उलटासुलटा करून बघितला. विचारलं, "घसरून जाईल कुठे?"

मी म्हणालो, खाली.

"खाली काय आहे?"

असल्या शंका काढणाऱ्यांच्या हातून आजवर काही उभं राहिलेलं नाही. आणि मी पंचवीस वर्षं काउंटीचा स्नोप्लाऊ चालवतोय. दर हिवाळ्यात वीस-वीस फूट बर्फ या हातांनी लोटलाय. बर्फ कसा वागतो हे मला कोणी शिकवू नये. तो कुंपण सोडून घरात गेला, हे विशेष.

१३ ऑगस्ट.

वासे एकट्यानं चढवायचे. बाबांनी सौना एकट्यानं बांधली, कोणाला हाक मारली नाही. कप्पी लावली. पहिला वासा अर्ध्यावर गेला आणि तिथंच राहिला.

१६ ऑगस्ट.

वासा अजून तिथंच. लोक गाडी हळू करून बघतात. टपालवाल्यानं विचारलं, ही सजावट आहे का.

१९ ऑगस्ट, शनिवार.

सायमीनं परस्पर इर्जिक बोलावली. चर्चमधले बाराजण हातोडे घेऊन आले, दुपारपर्यंत सगळे वासे चढवले, वेलदोड्याचे नऊ लांबुळके पाव आणि तीन किटल्या कॉफी संपवून गेले. जाताना प्रत्येकानं अंगणात उभं राहून अर्धा तास निरोप घेतला. एकजण म्हणाला, "मोठं झालंय हो." दुसरा म्हणाला, "वेगळंच आहे." आमच्याकडे "वेगळंच आहे" हा शब्द मयतालाही वापरतात.

सगळे उत्तरेकडे बघत होते. मग सौनाकडे. मग बुटांकडे. निसर्गसौंदर्याचा परिणाम.

वाल्फ्रिड आला होता. वरच्या वाशावर बसून सगळ्यांपेक्षा जास्त खिळे मारले. उतरताना माझ्या कानाशी म्हणाला, "छप्पर फिरव, पोरा. अजून वेळ आहे." बावन्न वर्षांच्या माणसाला पोरा! ऐकलं न ऐकलं केलं.

२४ सप्टेंबर.

ठरल्याप्रमाणे काम पूर्ण. (पत्रे, दारं, खिडक्या, वीज आणि एक भिंत बाकी.)

१५ ऑक्टोबर.

पत्रे बसले. घरात आवाज वाढलेत. रात्री थंडीनं पत्रा आखडतो, टक्, टक्, कोणीतरी हातोडीनं ठोकून बघतंय असं. सायमीला म्हटलं, धातूचा गुणधर्म आहे. ती म्हणाली, "मी काही विचारलं का?" नव्हतं विचारलं. मी दोनदा उठून दिवा लावला होता, एवढंच.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.

थँक्सगिव्हिंग. कॅलिफोर्नियातल्या मुलीचा फोन. तिला सांगितलं, तीस बाय चाळीस. तिनं विचारलं, "आजोबांची सौना आहे ना अजून?" सगळ्यांना तेच.

दोन फूट बर्फ पडलाय. छपरावर तसाच बसून आहे, कड्यावर बसावा तसा, सौनाच्या दिशेनं पुढे झुकलेला. घसरत नाही. वाल्फ्रिडनं सुचवलं, लांब दांड्यानं थोडा थोडा ओढून काढू. गरज नाही. बर्फानं स्वतःहून यायला हवं, त्यासाठीच तर उतार दिला. सायमीही म्हणाली, "काढून घे." दोघांचं संगनमत दिसतंय.

२ डिसेंबर, शनिवार. दुपारी ३.

उद्घाटन. वर्कशॉपच्या भट्टीत पहिला जाळ. छपरावर आता अडीच फूट, बाहेर उणे बारा, आणि मी शर्टाच्या बाह्या वर करून बसलोय. आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. खिडकीतून सौना दिसते, चिमणीतून सरळ धूर. सायमी नुकतीच आत गेली.

पाटी रंगवायला घेतली. "केस्कितालो" हे आडनाव लिहून झालं. पुढे जागा कमी पडतेय.

पन्हळीतून पाणी टपकायला लागलं. वाल्फ्रिडला बोलवायला हवं, सुटतोय बर्फ. म्हणालो नव्हतो?

बाबा खाकरले.

२ डिसेंबर. नंतर.

बाबा नव्हते. छप्पर होतं. एकदाच, खोल, आणि मग चाळीस फूट रुंदीचा सगळा बर्फ एका दमात गेला. लादी हलली. खिडकीत दिवस होता तिथं पांढरं झालं.

बाहेर पळालो. सौना नव्हती. ढीग होता, त्यातून चिमणीचं टोक, आणि टोकातून अजून धूर.

फावडं सापडेना. हातांनी उकरलं. एक ओंडका लागला. दुसरा मोडलेला. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. वाल्फ्रिड म्हणतो, तिचं नाव. तो कुंपणावरून आला, आतल्या बनियनवर, फावडं घेऊन. माझ्या शेजारी उकरायला लागला. बहात्तरावं वर्ष, आणि श्वास भात्यासारखा.

मागून सायमीचा आवाज आला, "काय हरवलंय?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात टॉवेल. तो विसरला म्हणून घरात आली होती.

मी म्हणालो, "फावडं."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. नखांतून रक्त येत होतं. मग ढिगाकडे बघितलं. मग आत गेली आणि दार लावून घेतलं, हलकेच. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

३ डिसेंबर, रविवार.

आढं मोडलं. उत्तरेची भिंत बाहेर पडली. बाकडं तीन ठिकाणी फुटलं. चुलीवरचे दगड जागच्या जागी, आणि सकाळपर्यंत कोमट होते. हात ठेवून बघितला.

बाबांनी पाया घालून हिवाळा बघितला. छप्पर नव्हतं, तरी बर्फ कुठे पडणार ते बघितलं. आणि वसंतात माती लोटली. वाल्फ्रिडनं हे सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

ते महिनाभर का बोलले नसतील, हा मात्र वेगळा प्रश्न. पंधरा वर्षांचा मुलगा घरात होता. सांगता आलं असतं.

५ डिसेंबर.

सायमीनं माळ्यावरून पेटी काढली. पलंगावर ठेवलीय. हवा लागावी म्हणून असेल.

खाकरणं बंद आहे. तीन दिवस कान देऊन आहे. आज वर्कशॉपमध्ये मुद्दाम एक खिळा वाकडा मारला. मग दुसरा. मग फळी तिरकी कापली, इतकी तिरकी की सात वर्षांचं पोरही कापणार नाही. थांबलो. काहीच नाही. पत्रासुद्धा गप्प.

७ डिसेंबर.

पेटीत मी डोकावलो नाही. डोकावलो. गुडघ्याच्या पट्ट्या, हिवाळी बूट, बहिणीचा पत्ता लिहिलेला लिफाफा. पत्ता तिला तोंडपाठ आहे. म्हणजे तो मला दिसावा म्हणून ठेवलाय.

आज जिना उतरताना ती प्रत्येक पायरीवर थांबली. मी खाली उभा राहून मोजत होतो. तेरा पायऱ्या.

९ डिसेंबर, शनिवार.

दुपारी वाल्फ्रिड दारात. टोपी हातात, बर्फ झटकत. माझ्याशी नाहीच बोलला. सायमीला म्हणाला, "सौना तापलीय माझी. गुडघे घेऊन ये. त्यांच्याबरोबर जे काय येईल ते येऊ दे."

तिनं कोट घातला. पेटीकडे बघितलं नाही, बंदही केली नाही. मी मागून निघालो. दोन अंगणांमधल्या वाटेवर तिचा दंड धरला, बर्फ निसरडा होता म्हणून. सात महिने जे योग्य वेळी बोलायचं होतं ते गेलं. दुसरंच आलं. म्हणालो, "मी पाडायला नको होती."

ती चालत राहिली. मग म्हणाली, "तू पाडायला घेतली असतीस, तौनो, तर अजून उभी असती."

हसली की नाही ते मफलरमुळे कळलं नाही. दंड सोडवून घेतला नाही.

वाल्फ्रिडच्या दारात तिला सोडलं आणि परत आलो. दुसऱ्याच्या सौनात न्हायचं तर आपलं जळण आपण न्यायचं, माणशी एक भारा. कोणी मागत नाही, कोणी मोजताना दिसत नाही. गॅरेजमध्ये सुकं बर्चचं लाकूड रचलेलं आहे. त्या तीस बाय चाळीसमध्ये (सव्वीस) सध्या तेवढंच आहे. गाडी बाहेरच असते.

एक भारा नेला, सायमीचा. दुसरा नेला, माझा. वाल्फ्रिडच्या भिंतीशी नीट रचले, सालीची बाजू खाली.

मग परत गेलो आणि तिसरा आणला, खाकरणाऱ्याचा.

वाल्फ्रिड दारात उभा होता, कमरेला टॉवेल, अंगातून वाफा. तिन्ही भाऱ्यांकडे बघितलं. मी म्हणालो, "थंडी आहे." तो बाजूला झाला, मला आत घेतलं.